टेस्ट तिच्या कोडशेजारी

हिंगोलीची भाग्यश्री नऊ वर्षांत अर्धी पुणेकर झाली होती, म्हणजे वेडंवाकडं काही दिसलं की गप्प बसणं तिला जमेनासं झालं होतं. खराडीतल्या तिच्या ऑफिसात बसतिकिटांच्या साइटचं काम चाले. जावास्क्रिप्ट कोडच्या दोन हजार फायली, आणि त्या तपासणाऱ्या चारशे टेस्ट फायली एकाच फोल्डरात कोंबलेल्या. कोड बदलला की त्याची टेस्ट शोधण्यात अर्धी दुपार जायची. बहुतेक जण शोधायचेच नाहीत.

वाघोलीच्या घरात तिची आई यमुनाबाई प्रत्येक डब्यात ज्याचं त्याचं माप ठेवायची, तांदळात वाटी, तिखटात चमचा. भाग्यश्रीने तोच हट्ट धरला, प्रत्येक टेस्ट तिच्या कोडशेजारी. टीमचा प्रमुख रविराज पुण्याजवळच्या मांजरी गावचा, तिरकस बोलण्यात पटाईत. रिकामा वेळ फार झालाय का, असं त्याने विचारलं. मग शुक्रवारपर्यंत मुदत दिली, पण एक जरी टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली तर सगळं होतं तसं ठेवायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

तिने चारशे फायली हलवल्या, त्यांची नावं एका वळणाची केली. शुक्रवारी दुपारी टेस्ट चालवल्या, तर अकरा लाल.

"झालं समाधान?" रविराज म्हणाला. "ठेव आता परत."

भाग्यश्रीने काहीच परत ठेवलं नाही. तिने त्या अकरा फायलींची जुनी नावं काढली. टेस्ट चालवताना नावाशेवटी 'टेस्ट' असलेल्या फायलीच उचलल्या जात. या अकरांत 'टेस्ट्स' होतं. एका जादा 'एस'पायी त्या तीन वर्षांत एकदाही चालल्या नव्हत्या; तिने नावं बदलल्यावर आज पहिल्यांदा चालल्या. एकाच सीटची दोन तिकिटं जातात, ही प्रवाशांची तक्रार ऑफिसने कायम उडवून लावली होती. ती चूक पकडणारी टेस्ट या अकरांतच होती.

हे 'एस' लावायचं शहाणपण आधी कुणी केलं, असं रविराजने विचारलं. तिने फायलींचा इतिहास उघडला आणि क्षणभर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच," ती म्हणाली. "बाकीच्यांनी माझं बघून गिरवलं. म्हणूनच परत ठेवणार नाही. त्या ढिगात हे कधीच सापडलं नसतं."

रविराजने खुर्ची ओढली. "अकरा हायेत ना?" कामाला भिडला की त्याच्या तोंडी मांजरीची बोली यायची. "पाच मला दे."

तिने पाच दिल्या, पण दोन तिकिटांच्या तक्रारीची टेस्ट स्वतःकडेच ठेवली.