तांबडी शीर, निळी शीर

"डोळा काढा. वाट कसली बघताय?" मोठे डॉक्टरसाहेब मला म्हणाले. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो. सल्ल्यासाठी त्यांना मुद्दाम दवाखान्यात बोलावले होते.

समोर बाकावर नरसय्या बसला होता. शुक्रवार पेठेत आमच्या मागच्या बोळात त्याचा माग होता. लुगड्यांचे काठ विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कचरा गेला म्हणून त्याने डावा डोळा बांधला, तेव्हा कुठे त्याला पत्ता लागला की उजव्याने जवळजवळ दिसतच नाही.

"कधीपासून?" मी विचारले होते.

"ल्हानपणापासून आसंल की. मला वाटलं, समद्यांनाच एका डोळ्यानं दिसतंय, दुसरा आपला जोडीला."

मी हसू दाबून बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि ऑफ्थॅल्मोस्कोप लावला. डोळ्यात उजेड टाकून आतला पडदा, म्हणजे रेटिना, पाहण्याचे हे यंत्र. पाहिले आणि हसू पळाले. पडद्यावर जाडजूड, वेड्यावाकड्या शिरांचा नुसता गुंता! मला ट्यूमर वाटला. तसे असेल तर डोळा ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ.

आतला फोटो काढायची सोय आमच्याकडे कुठली? मी रंगीत पेन्सिलींनी चित्र काढी. शुद्ध रक्ताची शीर तांबडी, अशुद्ध रक्ताची निळी. हे चित्र तर असे देखणे उतरले की मी स्वतःवरच खूश झालो. साहेबांनी ते पाहिले, डोळ्यात एकदा डोकावले आणि निकाल देऊन टाकला.

नरसय्याचा चेहरा उतरला. "एकडोळ्याला काठाचं काम कोन दील, डाक्टर? बगू तरी काय हाय त्ये."

मी चित्र दिले. तो शिरेवरून बोट फिरवू लागला.

"ह्यो तांबडा धागा मधीच निळा कसा झाला?"

"तिथून दुसरी शीर सुरू होते."

"मग जोड कुटं हाय? जोड न्हाय, म्हंजी धागा एकच की."

"अहो, त्याला काय कळतंय!" साहेब वैतागले.

मी मात्र चित्र परत हातात घेतले. जोड मी पाहिलाच नव्हता. रंग नुसत्या सवयीने बदलला होता. पुन्हा यंत्र लावले, एकच शीर धरली आणि शेवटपर्यंत गेलो. ती मध्यातून निघाली, वळसा घालून पुन्हा मध्यातच आली. शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या शिरांमध्ये केसाहून बारीक नळ्यांचे जाळे असते. इथे जाळेच नव्हते, शीर शिरेला थेट जुळलेली. ट्यूमर नव्हे, ही जन्मापासूनची चुकीची जोडणी. इतकी दुर्मिळ, की पुस्तकात तिला जेमतेम चार ओळी होत्या. अशा डोळ्याला हात न लावणेच बरे.

"साहेब, जरा बघता?"

साहेबांनी बराच वेळ पाहिले. मग टोपी उचलली. "काढू नका," एवढेच म्हणाले आणि टांग्यात जाऊन बसले.

मला इतका आनंद झाला की मी नरसय्याला चहा पाजला. पुढे कित्येक वर्षे मी त्या डोळ्याची चित्रे काढली. शिरा होत्या तशाच राहिल्या. नरसय्या दर खेपेला चित्र हातात घेई आणि एखादी तरी चूक काढी.

हाताखालच्या डॉक्टरांना मी दोनच गोष्टी सांगतो. आधी शीर शेवटपर्यंत बघा, मग रंगाची पेन्सिल उचला. आणि चित्र रोग्याला दाखवा. डोळा त्याचा आहे.