कानपिळीचा मान

माझी वहिनी सगुणा आता नाही, म्हणून हे धीर करून लिहिते. तिच्या हातात जे असेल ते समोरच्याच्या अंगावर बसायचं. उलथनं, खुरपं, वांग्यांची टोपली, काहीही. शिरपूरच्या बाजारात एकानं तिच्या मेथीच्या जुड्यांना पाय लावला, तर तिनं तराजूतलं वजन त्याच्या पायावर हाणलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, समजावायला जायचा. ती म्हणायची, "हात जोडून मले काय भेटलं? भेटलं ते हात उगारून भेटलं." आणि यात खोटं काय होतं?

मानमोडीच्या साथीत तिचे आईबाप एकाच आठवड्यात गेले. मागं राहिली ती आणि धाकटा नामा. रिठदच्या चुलत्यानं तिला ठेवून घेतलं, धुण्याभांड्याला. किन्हीराजाच्या मामानं नामाला नेलं, गुरांमागं. दोघं एकमेकांना सोडेनात, तेव्हा मामानं बैल हाकायच्या काठीनं तिच्या बोटांवर मारलं. दोन बोटं मोडली, तेव्हा कुठं हात सुटला. हे सांगताना वहिनी मामाला ज्या शिव्या द्यायची त्या मला लिहिता येणार नाहीत.

त्यानंतर भावाचं तोंड तिनं पाहिलं ते थेट लग्नात. मी करवली, तिच्या मागंच उभी. सप्तपदीआधी नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, तो त्याचा मान. चुलत्याचा पोरगा ऐटीत पुढं आला. हात लावणार तोच वहिनीनं होमाजवळचं लाकूड उचलून त्याच्या मनगटावर घातलं.

"माहा भाऊ जिता हाये. तो येईन, कान पिळीन, तवाच मी पाऊल उचलीन."

चुलत्यानं भर मांडवात तिच्या मुस्काटात मारली. बाशिंग तुटलं, ओठ फाटला. ती जागची हलली नाही. आमची म्हातारी माणसं वऱ्हाड परत न्यायला निघाली. दादा तसा गरीब गाय, पण तो उठला आणि म्हणाला, "दमणी जुंपा." हळद लागलेल्या नवरदेवानं शीव ओलांडू नये म्हणून आईनं त्याचे पाय धरले. तरी गाडी हाकत किन्हीराजाला गेला.

वऱ्हाड तिथंच ताटकळलं. वहिनी अन्नाला शिवली नाही. दादा परतला तो कपाळ फोडून घेऊन. मामानं कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. शेजारी नामा. पोराच्या पाठीवर नवा वळ उठायला जागा नव्हती. बहीण मेली असंच मामानं त्याला सांगितलं होतं. तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला, जवळ जाईना.

भटजींनी सांगितल्यावर त्यानं भीत भीत दादाचा कान धरला.

"जोरानं पीळ," वहिनी म्हणाली.

मग त्यानं असा पिळला की पाळीतून रक्त आलं.

"मानाचं काय पायजे तुले?" दादानं विचारलं. नवं धोतर, पागोटं तयारच होतं.

नामा खाली पाहून म्हणाला, "मले तुमच्या घरी राहू द्या. मी गुरं वळीन. जास्त खात नाही."

वहिनीनं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. "मागतं कायले? घर तुहंच हाये." आणि त्याला उराशी धरून ती ओक्साबोक्शी रडली.

सप्तपदी व्हायची होती. घर अजून तिचंही झालं नव्हतं. पण नाही म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.