चाक वाजवणारे आण्णा

कुळगावात आण्णांच्या परसात शिरायचं तर आधी कानांवर हात ठेवायचे. चिंचेच्या फांदीला काथ्याने टांगलेलं मोटारीचं लोखंडी चाक आणि समोर हातोडी घेऊन आण्णा. टण्ण्ण! मग डोळे मिटून, मान कलती करून ऐकायचं. नाद लांबत गेला तर चाक धड. ‘बद्’ करून मध्येच बसला, तर कुठेतरी तडा.

लष्करी छावणीतल्या मोडीत निघालेल्या गाड्यांची चाकं उल्हासनगरचा भंगारवाला लोकूमल त्यांच्याकडे पाठवी. आण्णा ती रॉकेलने पुसत, तारेच्या ब्रशाने गंज खरवडत, काचकागदाने घासत, शेंदराचा एक हात मारून वर काळा रंग चढवत. चाक असं चकाके की त्यांची बायको बनूबाई त्यात बघून कुंकू नीट करी. पण वाजवल्याशिवाय एकही दाराबाहेर जात नसे. धाकट्या भावाचा, मधूचा, ट्रक घाटात उलटला तो रंगाखाली तडा लपलेल्या चाकामुळे. ते चाक आण्णांनीच रंगवलं होतं. तेव्हा ते चाकं वाजवत नसत.

त्रेपन्न सालच्या खंडेनवमीला हातोडी, ब्रश, पाने-पकडी सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं, आणि लोकूमल दारात.

“आण्णा साईं, अंबरनाथवाला साहब का ड्रायव्हर खडा है नी! चाक दो, चाक!”

आण्णांचा हात हातोडीकडे गेला. बनूबाई कडाडली, “अहो, पूजेतलं हत्यार उचलता? आजच्या दिवशी?”

हात मागे आला. चाक मुक्यानेच गेलं.

जेवताना त्यांनी भाताचं पातेलं चमच्याने वाजवलं. बद्. विहिरीवरची बादली, बद्. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं न वाटताच आण्णा आधी वाजवून पारखलेलं एक चाक सायकलला बांधून अंबरनाथला निघाले.

साहेबांचा ड्रायव्हर हरिचंद्र हसून बेजार. “आण्णा, चाक आहे की तंबोरा?” पण त्याने जॅक लावून चाक काढलं, टायर-ट्यूब उतरवली, आंब्याला टांगलं. आण्णांनी हाणलं.

“वा! देवळातली घंटा झक मारते!” हरिचंद्र म्हणाला.

आण्णांना ऐकू आलं होतं फक्त ‘बद्’.

त्यांनी आपलं चाक देऊन ते परत आणलं. चिंचेला टांगलं. बनूबाईने स्वतः हातोडी मारली. “छान वाजतंय की हो!” मग आण्णांनी शेजारचं, महिन्यापूर्वी पारखलेलं चाक टांगलं. बद्. त्याच्या शेजारचं. बद्. परसातली सगळी चाकं एकाच आवाजात बोलत होती.

त्या दिवसापासून हातोडी आण्णांची आणि कान बनूबाईचा. ते हाणत आणि तिच्या तोंडाकडे बघत. ती मान हलवी, “चांगलं आहे.” मगच चाक जाई. वर्षभर हे बिनबोभाट चाललं.

मग एका सकाळी आण्णांनी चाक हाणलं आणि बनूबाई लगेच बोलली नाही. कपाळाला बारीक आठी पडली.

“काय झालं?”

“काही नाही. चांगलं आहे. मला आपलं उगाच वाटलं...”

आण्णांनी काथ्या सोडला. चाक खाली घेतलं, घण उचलला आणि ते चेपून वेडंवाकडं होईपर्यंत हाणत राहिले. तडा कुठेच सापडला नाही. दुपारी त्यांनी उरलेली सगळी चाकं लोकूमलला न रंगवता परत पाठवली, आणि चिंचेची ती फांदी कापून टाकली.

बनूबाई आता पातेली खाली ठेवतानाही, आवाज होऊ नये म्हणून, जपून ठेवते.