वाडगा मलकापूरला, झाकण सांगलीला

जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा नाद कसा लागला, असं कुणी विचारलं की मी पाचगणीचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आम्ही राहतो त्या साताऱ्यातून पाचगणी तासाभराच्या अंतरावर. तिथले जुने बंगले विकले जातात, आतलं सामान बाजारात येतं, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी त्यावर घारीसारखी नजर असते. कान तुटलेला कप, एकटी पडलेली बशी, मुठीएवढं मिठाचं भांडं, काहीही चालतं. आमचे हे म्हणतात, "घरात खाणारी तोंडं दोन आणि बशा लग्नाच्या पंगतीला पुरतील एवढ्या." म्हणू देत बापडे. मी त्या बशा कपाटात ठेवून पूजत नाही. पोहे, पिठलं, दहीभात, सगळं त्यातच खातो. फुटली एखादी तर दिवसभर चिडचिड करते आणि दुसरी काढते.

खरं कारण म्हणजे आबांचा सेट. आबा म्हणजे माझे वडील. ते फौजेत होते आणि शेवटी शेवटी साहेबांच्या मेसवर. निवृत्त होऊन मलकापूरच्या पुढच्या आमच्या गावी उसात रमले. एके दिवशी पाचगणीहून येताना भलीमोठी पेटी घेऊन उतरले. कुठल्याशा बंगल्याचा मालक देश सोडून चालला होता, त्याचा जेवणाचा अख्खा सेट आबांनी उचलून आणला होता. पांढऱ्यावर निळी वेल, कडेला बारीक सोनेरी रेघ. सपाट ताटल्या, खोलगट ताटल्या, होडीच्या आकाराचं एक भांडं, आणि मधोमध ठेवायला झाकणाचा मोठा वाडगा.

आई म्हणाली, "ह्यात जेवायचं व्हय? माती ती. उष्टं धरतीया."

उसाची तोडणी संपून शेवटची ट्रॉली कारखान्याला गेली, त्या दिवशी आबांनी पडवीत चादर अंथरून सेट मांडला. वाडग्यात मटणाचा रस्सा ओतला आणि आम्हाला बसवलं. त्या खोलगट ताटल्या कुणीतरी भाकरी कुस्करायलाच घडवल्यात, असं दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं मत पडलं. तेव्हापासून दर वर्षी तोडणी संपली की सेट निघायचा. धुवायचे मात्र आबा स्वतः, कारण पहिल्या वर्षी आईने राखेने घासून दोन ताटल्यांची सोनेरी रेघ घालवली होती. फौजेतला गडी हौदापाशी बसून ताटल्या धुतोय हे बघायला शेजारच्या बायका यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. दादा पाणी ओतायचा, मी पुसायची, आणि धाकट्या भावाचं काम झाकण सांभाळायचं. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसायचा. कुणी घ्यायला गेलं तर भोकाड पसरायचा.

आबा गेले, मग आई गेली, आणि वाटण्या झाल्या. त्याआधी मी हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहिणी देतातच. कचेरीत जायचं, जमिनीतल्या आपल्या वाट्यावर पाणी सोडून सही करायची, भावांकडून साडी घ्यायची आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून समाधान मानायचं. त्या सहीचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढच्या तमाशाचं. रान वाटून झालं, गुरं वाटून झाली, मग चुलत्यांनी सेट पुढे ओढला. निम्म्या ताटल्या इकडे, निम्म्या तिकडे. वाडगा एकच. चुलते बराच वेळ मिशी कुरवाळत बसले आणि म्हणाले, "वाडगा थोरल्याला. झाकन आन ती होडी धाकट्याला. फिट्टंफाट." दोघा भावांनी माना डोलावल्या! आम्ही उसाच्या सऱ्या मोजून वाटणारी माणसं, वाडगाही तसाच वाटला. मला तेव्हा हसू आवरेना. आता येत नाही.

पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. कोण चुकलं ते दोघांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की दोघंही गाढव आहेत एवढंच माझ्या लक्षात राहिलं. धाकट्याने आपलं रान वाट्याने दिलं आणि सांगलीला दुकान टाकलं. दादा गावीच राहिला. बोलणं बंद. लग्नकार्यात एक या दाराने आत आला की दुसरा त्या दाराने बाहेर. आणि मी जुन्या बाजारात भांडी उलटीपालटी करत निळी वेल शोधत फिरायची. तसली एक बशीसुद्धा कधी हाती लागली नाही.

यंदा दादाच्या छातीचं ऑपरेशन कराडला झालं. मी चहा आणायला खाली उतरले तर टपरीशी धाकटा उभा. सांगलीहून आला होता.

"वर चल की," मी म्हटलं.

"बरा हाय न्हवं? मग झालं." अर्धा चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

पण आला होता. तेवढंच मी धरून बसले. यंदा तोडणी संपली की आबांचा सेट माझ्या घरी मांडायचा आणि दोघांना समोरासमोर जेवायला बसवायचं, असं ठरवलं. दादा वाचला होता, पुढच्या वेळी काय होईल कुणी सांगावं. पण बोलवायचं कसं? जेवायला ये म्हटलं की पहिला प्रश्न, तो येणार का. हो म्हणावं तर हा यायचा नाही, नाही म्हणावं तर खोटं. आयुष्यभर पोरांना वळण लावलं, दोन म्हातारे भाऊ काय अवघड, असं मला वाटलं. मोठी शहाणी मी. युक्ती काढली आणि तोडणी संपताच दादाला फोन लावला.

"दादा, आबांचा सेट एकदा पुरा मांडायचाय मला. तुझ्याकडचा घेऊन ये की रविवारी."

"तुला पायजे व्हय, बाय?"

"व्हय, पायजे."

"बरं."

धाकट्याला तेच सांगितलं. तोही "बरं, ताई" म्हणाला. मी खूश. माणूस भांडी घेऊन दारात आला, आत रस्सा उकळतोय, जाईल कुठे?

रविवारी ह्यांनी मटण आणलं, मी आईसारखं वाटण वाटलं, ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. तेवढ्यात दारात कराडकडची वडापची, म्हणजे प्रवासी भरून धावणारी, जीप थांबली. ड्रायव्हरने खोकं उतरवलं. "आण्णांनी धाडलंय. जपून घ्या म्हणलेत." आण्णा म्हणजे आमचा दादा, तो स्वतः नव्हता. खोक्यात उसाचं वाळलेलं पाचट गच्च भरलेलं, त्यात एकेक ताटली वेगळी ठेवलेली आणि तळाशी वाडगा. एक टवकासुद्धा उडाला नव्हता. मी फोन लावला, दादाने उचलला नाही.

दुपारी धाकटा आला. स्वतः आला, इस्त्रीचा नवा शर्ट घालून. हातातलं खोकं टेबलावर ठेवता ठेवता त्याने घरभर नजर फिरवली. वाडगा दिसला तसा थांबला. वर्तमानपत्रातून झाकण सोडवलं आणि दोन्ही हातांनी वाडग्यावर ठेवलं. बरोबर बसलं. हात मात्र त्याने लवकर काढले नाहीत.

"दादा?"

"भांडी धाडली. त्यो न्हाई आला."

"मला वाटलंच," तो म्हणाला. पिशवीतून बेदाण्यांचे दोन पुडे काढून ठेवले, एक लहान, एक मोठा. मोठा कुणासाठी ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जेवून जा म्हणून मी हाताला धरलं, तर म्हणाला, "नगं ताई, दुकान उघडायचंय." रविवारी त्याचं दुकान बंद असतं. मी गाडी वळेपर्यंत फाटकात उभी होते आणि मला रडू येत होतं.

मग दादाचा फोन आला. "पोचलं का सगळं?"

"आरं, तू का न्हाई आलास? मटण केलंय. धाकटा येऊन गेला."

"त्यो आला हुता?"

"व्हय. तुझी वाट बघून गेला."

दादा म्हणाला, "मग तसं बोलायचंस की. जेवाय ये म्हनायचंस. तू भांडी मागितलीस, बाय. रानाची सही केलीस तवाबी कायबी मागितलं न्हाईस. आता पयल्यांदा मागतीया, तर देऊन टाकावं म्हनलं. बहिणीचा वाटा द्याया जायाचं आन तिच्याच घरी ताट चाटून यायाचं व्हय?"

मी म्हटलं, "मग मी वाडगा माघारी धाडते. पुढच्या वर्षी तूच घेऊन ये."

"येडी का खुळी? बहिणीला दिलेलं माघारी घेत्यात व्हय?"

धाकट्याला झाकण परत देऊ केलं, त्याचं उत्तर तेच, जवळजवळ शब्दही तेच. एवढ्या वर्षांत दोघांचं प्रथमच कशावर तरी एकमत झालं.

त्यानंतर मी दोघांनाही सरळ जेवायला बोलावलं. लपवाछपवी नाही, तोही येणार आहे म्हणून सांगितलं. दोघंही "बघू" म्हणाले. अजून बघतायत. त्या रविवारी धाकटा तयार होता, आणि दादाही आला असता, हे मला आता कळतं. वाडगा एकाकडे आणि झाकण दुसऱ्याकडे होतं, तोवर एकमेकांकडे जायला त्यांना निदान एक कारण तरी होतं. ते मी मागून घेतलं.

बाकीच्या बशा आम्ही वापरतो, आबांचा सेट मात्र तसाच ठेवलाय. बेदाण्यांचा मोठा पुडा वाडग्यात ठेवून वर झाकण लावलंय. पुन्हा तोडणी संपेल, पुन्हा मी फोन करीन. पण आता घेऊन ये म्हणावं, असं दोघांकडेही काही उरलेलं नाही.