पाणी कोणाच्या वावरात सोडायचं

सरकारी माणसं पुराला नैसर्गिक आपत्ती म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलोय, पण एवढं मला कळतं की आभाळातून पडतं ते नुसतं पाणी. ते कोणाच्या घरात शिरणार, हे खाली माणसं ठरवतात. आणि माणसं ठरवतात तिथे मी डोळे उघडे ठेवतो. त्यावरून घरात मला संशयी म्हणतात. म्हणू देत.

आमचं गाव प्रकाशा या गावाच्या अलीकडे, तापीला मिळणाऱ्या एका नाल्यावर. पूर्वी नाल्यात बुटकी दगडी फरशी होती. पूर आला की पाणी तिच्यावरून जायचं आणि माणसं दोन्हीकडे विड्या ओढत बसून राहायची. मग बस थेट गावात पाहिजे म्हणून सगळ्यांनी ओरड केली. भराव टाकून रस्ता उंच झाला, पाण्यासाठी खाली सिमेंटचे पाइप घातले. रस्त्याच्या वरच्या अंगाला पिंजाऱ्यांची गल्ली आहे, गाद्या-रजया भरणारी माणसं. खालच्या अंगाला माझं वावर. त्यात पपई होती, फळाला आलेली.

मागच्या पावसाळ्यात पोळ्याच्या सुमारास झड लागली आणि एका सकाळी पिंजाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं. पारावर बातमी तयारच होती, की धरणवाल्यांनी न सांगता दरवाजे उघडले, नदी उलटी चढली. ऐकून विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. काठी घेतली आणि नदीवर गेलो. तापी घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी होती. नदी चढलेली नव्हती. नाल्याचं पाणीच तिच्यापर्यंत येत नव्हतं. म्हणजे ते मधेच कुठेतरी अडलं होतं.

परत आलो तर रस्त्यावर जेसीबी उभा. एवढ्या लवकर तो कसा आला? आणि त्याचं तोंड नेमकं माझ्या वावराकडे का? बाजूला सरपंचबाईंचे मालक छत्री धरून उभे. सही बाईंची असते, गाव हे चालवतात. त्यांचं वावर माझ्या बांधाला लागून, त्यातही पपईच.

ते म्हणाले, “आप्पा, बाजूले व्हा. रस्ता फोडना पडी.”

“फोड. पन पानी कोठे जाई?”

“जाई ना खाले.”

“खाले कोननं वावर शे?”

“तुमनंच शे, त्याले मी काय करू? पानीले उतार तठेच शे.”

“निवडणूकना टाइमले तू टेकडीवर पानी चढाडी देस. आते काय व्हयनं?”

जमलेली माणसं हसली. मी जेसीबीच्या पुढ्यात काठी टेकून उभा राहिलो. ड्रायव्हरने मशीन बंद केली.

तेवढ्यात गल्लीतून माझ्याच वयाचा एक पिंजारी कमरेपर्यंत भिजून आला. त्याने हात जोडले नाहीत, काही मागितलं नाही. “आप्पा, पिंजायची मशीन तो गई,” म्हणाला. “अम्मा खटियापे बैठी है. अब खटिया हिलने लगी.”

याला पुढे कोणी पाठवलं, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला लिहू, आलं. म्हणून मी स्वतः बघायला गेलो. गल्लीत पाणी मांडीला लागत होतं, वर ओला कापूस तरंगत होता. त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून खाटेवर, खाट दोरीने खांबाला बांधलेली. मला बघून म्हणाली, “आओ आप्पा. चाय का मत पूछना, चूल्हा नहा रहा है.” मग म्हणाली, “सुना, तू रस्ते पे काठी लेके खड़ा है? इधर बैठ जा, खटिया पे जगह है.”

मी पाण्यातून मागे फिरलो.

रस्त्यावर आलो आणि माझ्या व सरपंचबाईंच्या मालकांच्या वावरांमधल्या बांधासमोर काठीने रेघ ओढली. “चर आठून काढ. अर्धं पानी मन्हं, अर्धं तुन्हं.”

“मन्ही पपई तयार शे, आप्पा!”

“मन्ही काय कच्ची शे?”

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी छत्री मिटली, ड्रायव्हरला हात केला. रस्ता फुटला तसं पाणी बांध घेऊन दोन्ही वावरांत पसरलं. पपईचं झाड मोडताना आवाज करत नाही, नुसतं आडवं होतं. दुपारपर्यंत गल्लीतल्या घरांच्या जमिनी दिसायला लागल्या.

मग पाइपांची तोंडं उकरली. आत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, गच्च दाबून बसलेली. कपाशी निघाली की आमच्याकडे पऱ्हाट्या नाल्याच्या काठी रचतात, बापजाद्यांपासून. पूर्वी बाया चुलीसाठी नेत, पावसाळ्याआधी ढीग संपायचा. आता घरोघरी गॅस आहे, ढीग तिथेच राहतो आणि पहिल्या पुरात वाहून जातो. प्रत्येकजण म्हणाला, माझ्या नाहीत. मी वाकून बघितलं. बऱ्याचशा मुळांसकट उपटलेल्या होत्या, मी विळ्याने कापतो. कापलेल्याही होत्या, पण गावात कापणारा मी एकटा नाही.

पंचनाम्याला साहेब आले. पिंजाऱ्यांच्या घरात पुराने नुकसान, हे लिहिलं. आमच्या वावरांचं विचारलं तर म्हणाले, “रस्ता तुम्हीच फोडला ना?” म्हणजे पाणी तेच, नाला तोच, आणि बांधापाशी येऊन ते नैसर्गिक राहिलं नाही. मी सही केली नाही. सरपंचबाईंच्या मालकांनी केली. ती का केली, याचा मी अजून विचार करतोय.

यंदा दवंडी झाली, पऱ्हाट्या नाल्यावर टाकायच्या नाहीत, वावरातच त्यांचा भुगा करायचा. मी फेरी मारून बघतो कोण काय करतं. रस्त्याचा चर अजून बुजलेला नाही. त्याच्या काठावर उभं राहिलं की दिसतं, तो बांधापासून माझ्याकडे जरासा कललेला आहे. ड्रायव्हर म्हणतो, पाण्याने कलला. पिंजारीही तेच म्हणतो. दोघांनी एकच शब्द कसा वापरला?