वाटीतला टाक

बायको मोरीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की खरी अडचण हाडाची नाही. देवाला पाणी घातल्याशिवाय ही चहाला तोंड लावत नाही, आणि काही खाल्ल्याशिवाय गोळी द्यायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. खाली बसायची तिला मनाई. पोरगा-सून लातूरला नोकरीवर. राहिलो मी.

मी चौथी शिकलेला माणूस. पण कुणापुढं हात जोडत नाही, देवापुढंसुद्धा, असं गाव म्हणतं, आणि खरंच आहे ते. माझी पहिली बायको लग्नानंतर दीड वर्षात तापानं गेली. तिच्यासाठी माळेगावच्या खंडोबाला लोह्याहून पायी गेलो होतो. परत आलो तर दारात माणसं बसलेली. तेव्हापासून घरातल्या देवळीकडं पाठ. दुसरी आली, तिनं पंचेचाळीस वर्षं देवाचं सगळं केलं. त्या कोनाड्यात काय काय मांडलंय हे मी कधी वाकून बघितलं नाही.

पोरगा फोनवर म्हणाला, "आबा, मोबाईलवर बघा की. सगळी पूजा दाखवतेत."

"मला त्या डब्यातल्या माणसानं देव शिकवायचे व्हय?" म्हणलं आणि फोन ठेवला.

"शेजारणीला तरी बोलवा," बायको म्हणाली. तेही नको. गावभर झालं असतं.

बसलो. बसतानाच गुडघ्यांनी जीव काढला. ताम्हनात देव उतरवले. चांदीचे टाक, म्हणजे बोटाएवढे पत्रे, त्यांवर देव उठवलेले. घोड्यावरचा खंडोबा ओळखला. हातांवरून भवानी ओळखली. महादेवाची पिंड कुणीही ओळखील. एका वाटीत मात्र तांदळावर एक बारका टाक वेगळाच ठेवलेला. बाई होती, तोंड झिजून सपाट. मनाशी म्हणलं, ही बानाई असणार, खंडोबाची दुसरी. बिचारीला काऊन वेगळं काढलं? उचलली, नवऱ्याच्या बगलेला बसवली आणि भंडारा लावला. अक्कल चालली म्हणून बरं वाटलं.

पाच दिवस असेच गेले. ती आतल्या खोलीतून विचारायची, "सगळ्यांना घातलं पाणी?"

"हाव."

"सगळ्यांना?"

"हाव म्हणलं न!"

मग चहा, अर्धी भाकर, गोळी. दुपारपर्यंत मी भिंतीला टेकून पडलेला. इतका तर मी नांगर धरून कधी थकलो नव्हतो.

सहाव्या दिवशी ती वॉकर धरून एक एक पाऊल टाकत देवळीपाशी आली. बघत राहिली.

"अवो, हिला इथं कुणी बसवलं?"

"मी. बानाई हाय नं ती? नवऱ्यापशी नको का?"

ती इतकी हसली की वॉकर हलायला लागला. मग हसू गेलं.

"बानाई न्हाई ती. तुमची पहिली हाय."

आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. हिच्या बापानं लग्नात काळ्या दोऱ्यात घातला होता, मी बघितला होता. दोरा पुढं कधी तुटला, टाक देवळीत कधी गेला, मी विचारलं नाही. नवं लुगडं आधी त्या टाकापुढं ठेवायचं, मग नेसायचं, असं हिनं दर दिवाळीला केलं. घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

चहा पुढं केला.

"ठेवा तो. तिचं पाणी सगळ्यात आधी असतंय. पाच दिस ती परक्याच्या शेजारी बसली आन मी चहा ढोसून राहिले."

"चुकलं," मी म्हणलो. हा शब्द माझ्या तोंडातून सहसा निघत नाही.

"मला काऊन सांगता? तिला सांगा. नाव घेऊन पाणी घाला."

ते नाव मी घेऊन किती वर्षं झाली होती. ओठातल्या ओठात घेतलं.

"ऐकू आलं न्हाई."

"बहिरी झालीस का तू?"

"मी न्हाई. ती तसं म्हणून राहिली."

शेवटी इतक्या मोठ्यानं घेतलं की दारातली कोंबडी उडाली. टाक धुतला, भंडारा काढला, कुंकू लावलं, वाटीत नवे तांदूळ घालून परत ठेवला. मग ती पलंगावर गेली आणि कप उचलला.

आता ती चालते, पण वाकता येत नाही. म्हणून पूजा माझ्याकडंच राहिली. पाणी गार असतं, कंबर उठू देत नाही, कंटाळा तर रोजचाच. हात अजून जोडत नाही. वाटी मात्र सगळ्यात आधी घेतो. पहिलीचं तोंड कसं होतं ते आठवत नाही, आणि टाकावरही उरलेलं नाही.

"हळू घासा," आतून आवाज येतो. "घातलं का तिला?"

"हाव."

मग कप-बशी वाजते.