डब्याचं इंजिन आणि कॅन्टीनचा बर्फ

"मॅडम, दाखला द्या. पोरीला घेऊन जातो."

वैशालीचे वडील कुरवंड्याहून आले होते. मी लोणावळ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये थर्मल शिकवते, म्हणजे उष्णतेकडून काम कसं करून घ्यायचं ते. वैशाली त्यात दुसऱ्यांदा नापास झाली होती.

"लय वाट बघितली. न्हाई जमत तिला."

वैशाली खाली मान घालून उभी.

"भाऊ, आज तिचं प्रॅक्टिकल आहे. तेवढं बघा, मग ऑफिसात जाऊ," मी म्हणाले.

लॅबचा बॉयलर बंद होता, म्हणून मुलांना पत्र्याच्या डब्यांची इंजिनं करायला लावली होती. डब्यातली हवा तापली की फुगते आणि झाकणाच्या भोकावर ताणलेलं रबर उचलते. निवली की आकसते, रबर खाली येतं. या वरखाली होण्यानं चाक फिरतं. आतला सैल दट्ट्या हवेला गरम तळाकडून थंड झाकणाकडं आणि परत ढकलत राहतो.

वैशालीनं खाली स्पिरिटचा दिवा लावला, चाकाला बोटानं ढकललं. चाक फिरलं. वडील वाकून बघायला लागले. थोड्या वेळानं चाक मंदावलं आणि थांबलं.

"लीकेज असणार," प्रॅक्टिकल तपासायला आलेले आमचे विभागप्रमुख, एचओडी सर म्हणाले. "नेक्स्ट ग्रुप."

"थांबा ना सर."

तिनं रबराच्या कडेला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. दिवा मोठा केला. तरी ढिम्म. मग तिनं झाकणाला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"मॅडम, वरपण तापलंय! मग हवा निवणार कुठं?"

ती कॅन्टीनमधून बर्फ घेऊन आली, झाकणावर ठेवला, जरा थांबून चाक ढकललं. ते आधीपेक्षा जोरात फिरायला लागलं.

"बरफ टाकल्यावर पळतंय व्हय? उलटंच की!" वडील म्हणाले.

"आप्पा, खालची उष्णता वर जाता जाता काम करती. वरपण तेवढंच गरम झालं, तर ती जाईल कशाला?"

एचओडी सर हसले. "अगं, हाच थर्मोडायनॅमिक्सचा सेकंड लॉ. पेपरात का नाही लिहिलास?"

"पेपरात असं विचारलं नव्हतं, सर."

वडिलांनी चाक थांबेपर्यंत पाहिलं. "दाखला ऱ्हाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "पण पास व्हाया पायजे."

पुढच्या परीक्षेत वैशाली पास झाली. काठावरच, पण झाली. मी आता सेकंड लॉची व्याख्या फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहिते. आधी इंजिन बंद पडू देते.